सहा वर्षं झाली, आता 'थांबा' म्हणू नका

डेट्रॉइट रेड विंग्जबद्दल, म्हणजे एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या आमच्या संघाबद्दल, एक शब्द वाकडा बोलला की ठरलेलं उत्तर येतं: "अरे, रीबिल्ड, म्हणजे संघाची नव्याने बांधणी, चालू आहे, वेळ लागतो." किती वेळ? संघाचा जुना कर्णधार स्टीव्ह आयझरमन एप्रिल २०१९ मध्ये जनरल मॅनेजर (खेळाडू निवडणारा, करार करणारा) म्हणून परत आला. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा सहावा मोसम संपला आणि संघ पुन्हा प्लेऑफच्या (मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या) बाहेर. त्याच्या आधीचे धरले तर सलग नऊ मोसम. २०१६ पर्यंत सलग २५ मोसम प्लेऑफ खेळलेल्या संघाची ही गत, आणि वर आम्हालाच धीर धरायला सांगतात!

धीर धरला होता हो. २०१९-२० मध्ये ७१ सामन्यांत फक्त १७ विजय, ३९ गुण. अख्ख्या लीगमध्ये तळाला. त्यावर ड्राफ्टच्या (नवे खेळाडू निवडण्याच्या) लॉटरीत पहिला सोडाच, तिसराही क्रमांक मिळाला नाही, चौथ्यावर ढकलले गेलो. तेव्हा कुणी आयझरमनला दोष दिला? कुणीच नाही. मोडकं घर त्याच्या गळ्यात पडलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यातूनही त्याने ड्राफ्टमध्ये चांगलं काम केलं. मोरित्झ झायडरला सहाव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा भलेभले चक्रावले होते, त्याने २०२२ मध्ये काल्डर ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा मान, जिंकून दाखवली. लुकास रेमंड, सायमन एडव्हिन्सन, सगळी पोरं खणखणीत. हे श्रेय त्याचंच, आणि मी ते पूर्ण देतो.

पण जनरल मॅनेजरचं काम ड्राफ्टच्या दिवशी संपतं का? पोरांच्या भोवती संघ कोण उभा करणार? २०२२ च्या उन्हाळ्यात बेन चिआरॉटला चार वर्षं, अँड्र्यू कॉपला पाच वर्षं. २०२३ मध्ये जे. टी. कॉम्फरला पाच, जस्टिन हॉलला तीन. एवढे लांब करार, एवढा पैसा, आणि यातला एकही संघाला वर ओढणारा निघाला नाही. हॉल तर कितीतरी सामने बाहेर बसून होता. ही माणसं कुणी त्याच्या माथी मारली नव्हती. ती त्याने स्वतः निवडली.

आणि जेक वॉलमन! हे आठवलं की आजही डोकं भणभणतं. जून २०२४ मध्ये हा बचावपटू सॅन होजेच्या संघाला दिला. बदल्यात काय मिळालं? काहीच नाही, 'फ्यूचर कन्सिडरेशन्स', म्हणजे पुढे कधीतरी बघू. उलट त्यांनी त्याला न्यावं म्हणून ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतला पिक (खेळाडू निवडायचा हक्क) आपणच वर दिला! एक वर्षही झालं नाही, सॅन होजेने त्याच वॉलमनच्या बदल्यात एडमंटनकडून पहिल्या फेरीतला पिक वसूल केला. आणि २०२५ ची स्टॅन्ली कप फायनल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची लढत, वॉलमन एडमंटनच्या जर्सीत खेळला. बचावपटू कमी पडतात म्हणून आपण बोंबलतोय आणि असलेला बचावपटू पदरचं देऊन घालवतोय. दुसऱ्या कुठल्या मॅनेजरने हे केलं असतं तर त्याच आठवड्यात राजीनामा मागितला असता लोकांनी. आयझरमन म्हटलं की सगळे गप्प. का? त्याने कर्णधार म्हणून तीन कप जिंकले म्हणून?

खेळाडू आयझरमनबद्दल माझ्या मनात आदरच आहे आणि तो राहील. पण १९९७ च्या कपवर २०२५ चं प्रगतिपुस्तक भरायचं नसतं. त्याने टॅम्पाचा संघ घडवला, हे उदाहरणही बास झालं आता. तिथे तो २०१० मध्ये मॅनेजर म्हणून गेला तेव्हा स्टॅमकोस आणि हेडमन आधीच संघात होते. कुचेरोव्ह, पॉइंट, वासिलेव्स्की त्याच्या काळात आले, मान्य. पण पायाचे दोन दगड आयते मिळाले होते, हे कुणी बोलत नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? मोजपट्टी दरवर्षी बदलते. आधी म्हणाले, पोरं तयार होऊ देत. मग म्हणाले, चुरशीत आहोत ना, तीच प्रगती. २०२३-२४ मध्ये वॉशिंग्टनइतकेच ९१ गुण झाले आणि टायब्रेकरवर (समान गुण असताना लावायच्या नियमावर) बाहेर गेलो, तेव्हा वाटलं, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी गुण ८६! वाढायचे सोडून घटले. पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) लीगमधल्या उत्तमांपैकी, आणि पेनल्टी किल (आपला खेळाडू बाहेर असतानाचा बचाव) लीगमध्ये सगळ्यात वाईट. एकाच संघात, एकाच मोसमात. याला बांधणी म्हणायचं?

शिक्षा मात्र दरवेळी कोचला. ब्लाशिल गेला, डिसेंबर २०२४ मध्ये लालोंड गेला, मॅक्लेलन आला. खेळाडू निवडणारा जागच्या जागी.

"पण घाई केली तर सगळं बिघडेल," म्हणे. मग मॉन्ट्रियलच्या संघाकडे बघा. २०२१-२२ मध्ये लीगमध्ये शेवटचे होते. त्याच मोसमाच्या मध्यात केंट ह्यूज मॅनेजर झाला. २०२५ मध्ये ते प्लेऑफ खेळले, ९१ गुणांवर. त्यांनी आपल्या मागून सुरुवात केली आणि आपल्या आधी पोचले. आपण ना तळाला, की पहिला पिक मिळावा, ना वर. मधेच लटकलेले, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर.

डिलन लार्किन २०२१ पासून कर्णधार आहे. २०१६ मध्ये नवखा असताना एकदा प्लेऑफ खेळला, त्यानंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. त्याच्या उमेदीची वर्षं चाललीत. आयझरमनने समोर बसून तारीख सांगावी, कुठल्या मोसमात प्लेऑफ, आणि ती हुकली तर खुर्ची सोडावी. कोचची नाही, स्वतःची.