शेव, जिरावन आणि डॉलर: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखावर आपण लिहिलंत, "परदेशच्या बाजारात घाईने उतरू नका, असं सांगणारे तुमच्यासारखे लोक आहेत म्हणून मराठी माणूस नोकरीतच अडकतो. माझी शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायची मसाल्याची पूड) इंदूरच्या वेशीतच का राहावी? शेजारचा मुलगा डॉलरमध्ये कमावतोय. आणि तुम्ही स्वतः मात्र महेश्वरी ओढण्या अमेरिकेत विकता!" शेवटचा टोला वर्मी बसला, म्हणून सविस्तर लिहितो.

विकतो नव्हे, विकत होतो. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयात शुल्क लागत नसे. दोन खोल्यांतला माझा धंदा त्या एका सवलतीवर उभा होता, हे सवलत गेल्यावर कळलं. २०२५ मध्ये गणपती बसले त्याच दिवशी, २७ ऑगस्टला, भारतीय मालावरचं जादा शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. दोन दिवसांनी ८०० डॉलरची सूटही संपली. टपाल खात्याने तर २५ तारखेपासूनच तिकडची पार्सलं घेणं थांबवलं होतं, ते सुरू झालं १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. बांधून ठेवलेल्या ओढण्या शेवटी घरातच वाटल्या. (त्या वर्षी भाऊबीज स्वस्तात झाली.) असे धक्के मोठा व्यापारी सोसतो, कारण त्याच्याकडे गोदाम असतं. आपल्याकडे माळा असतो.

तरीही मला शुल्कापेक्षा परताव्याची धास्ती जास्त आहे. महेश्वरीची बुगडी किनार दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणजे कापड कसंही पांघरा. विणकराची सगळी करामत तीच. तिकडच्या एका बाईंनी कळवलं, उलटसुलट कळत नाही, माल सदोष आहे, पैसे परत करा. अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनवर इथून माल पाठवणाऱ्याने परताव्यासाठी तिथला पत्ता द्यायचा, किंवा परतीच्या कुरियरचा खर्च उचलायचा, किंवा माल न मागवता पैसे परत करायचे. मी तिसरी वाट धरली. ओढणी तिथे, पैसेही तिथे. बाई ती अजून वापरत असतील, दोन्ही बाजूंनी.

आता आपली शेव. पाव किलोची बारा पाकिटं एका खोक्यात बसतात, असं आपणच लिहिलंय. म्हणजे माल तीन किलो. पण कुरियरवाला काट्यासोबत मापपट्टीही काढतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, ५००० ने भागायचं, आणि काट्यावरचं वजन व हे उत्तर यातलं जे जास्त, त्यावर भाडं. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं धरलं तर सहा किलो होतात. तीन किलो शेव, तीन किलो हवा, भाडं दोन्हींचं. पाकिटं आवळून बांधावीत तर चुरा पोचतो. शेव बाहेर पाठवू नका, हे माझं मत मी बदलणार नाही.

जिरावनबद्दल मात्र आपलं म्हणणं पटलं. जागा कमी लागते, महिनोन्‌महिने टिकते, आणि पोह्यांवर ती भुरभुरायची सवय लागलेला इंदूरकर टेक्सासला गेला तरी ती सोडत नाही. अडचण वेगळी आहे. अमेरिकेत विक्रीसाठी खाद्यपदार्थ पाठवायचा तर तो जिथे बनतो त्या जागेची तिथल्या अन्न-औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, नोंदणी लागते, तिथे राहणारा एक एजंट नेमावा लागतो, आणि प्रत्येक खेप पोचण्याआधी सूचना द्यावी लागते. शिवाय तपासणी. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक वायूच्या कारणावरून काही भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हा अडकले ते नावाजलेले ब्रँड होते. आपण मिरची मंडीतून आणता; तिच्यावर काय फवारलंय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

म्हणून सुट्टी पाकिटं परदेशी संकेतस्थळावर मांडण्यापेक्षा, तिथे आधीपासून भारतीय किराणा मागवणारा एखादा व्यापारी गाठा आणि त्याला ठोक माल द्या. जागेची नोंदणी तरीही आपल्यालाच करावी लागेल. पण शुल्क, सूचना आणि रुसलेलं गिऱ्हाईक हे त्याच्या डोक्याला. नफा कमी सुटेल, हे खरं. शेजारच्या मुलाला एकदा विचारा, परतावे वजा जाता त्याच्या हातात काय उरतं. डॉलर आलेले सगळे सांगतात, गेलेले कोणी सांगत नाही.

एक चूक मात्र कबूल करतो. निर्यातीचा परवाना खर्चिक असतो, असं मी लिहिलं होतं. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक, त्याची सरकारी फी फक्त ५०० रुपये आहे, अर्ज घरबसल्या होतो, आणि आपला पॅन क्रमांक तोच आयईसी क्रमांक. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती तपासून कायम करायची, नाही तर तो बंद पडतो. मी एजंटाला पैसे मोजले होते, म्हणून मला तो महाग वाटला. खापर परवान्यावर फोडलं. डाकघर निर्यात केंद्रांचा उल्लेखही राहून गेला. सीमाशुल्काचे कागद तिथे पोस्टातूनच होतात, एकदा जाऊन बघाच.

तूर्त जिरावनच्या भरलेल्या खोक्याची तिन्ही मापं आणि वजन मला कळवा, हिशेब मांडून देतो. नमुन्याचं एक पाकीट रामबागेतही पाठवा. सोबत शेव असली तरी चालेल, इंदूरातल्या इंदूरात हवेचं भाडं लागत नाही.