कंदील जळतोय म्हणून विहिरीत उतरू नका

चैत्र लागला की आपल्या खान्देशात विहिरींचा गाळ काढायची घाई सुरू होते. यंदाही तोच मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: विहिरीत किंवा सेप्टिक टाकीत उतरण्याआधी कंदील सोडा, तो विझला नाही तर बिनघोर उतरा. वास येत नसेल तर गॅस नाही. झाकण तासभर उघडं ठेवा, तोंडाला ओला रुमाल बांधा, कमरेला दोर लावा. तरी कोणी पडलाच तर दुसऱ्याने श्वास रोखून खाली जावं आणि त्याला वर आणावं. मीटर-बीटर हे कंपन्यांचे धंदे, आपले वाडवडील कंदिलावरच भागवत होते.

मी जळगावच्या एमआयडीसीत देखभालीच्या कामावर सुपरवायझर आहे. टाकीत माणूस उतरवायच्या परमिटवर माझी सही असते. हा मेसेज पाठवणारे माझेच नातेवाईक आहेत आणि चांगल्या मनाने पाठवतात. पण तो वाचून कुणी खाली उतरेल या विचाराने मला झोप लागत नाही.

आधी कंदील, कारण सगळा मेसेज त्याच्यावर उभा आहे. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. तो १९.५ च्या खाली गेला की आम्ही माणूस उतरवत नाही. कंदील मात्र साधारण १६-१७ टक्क्यांपर्यंत जळत राहतो. मागच्या वैशाखात यावल तालुक्यात मामांच्या शेतात हे डोळ्यांनी पाहिलं. साठ फुटांची विहीर तीन वर्षं बंद होती. साहेबांना विचारून आणलेलं चार गॅसचं मीटर, म्हणजे प्राणवायू आणि घातक वायू मोजून धोका असला की ओरडणारं यंत्र, मी दोरीला बांधून सोडलं. चाळीस फुटांच्या पुढे ते किंचाळायला लागलं. वर ओढून पाहिलं तर तळातला प्राणवायू १७.४. मग मामांनी कंदील सोडला. ज्योत जरा तांबूस झाली, बारीक झाली, पण जळत राहिली. मामा म्हणाले, “कंदील चालू शे ना, मंग काय भ्याव?”

आणि ही झाली फक्त प्राणवायूची गोष्ट. विषारी वायू कंदिलाला कळतच नाही. सडक्या मैल्यातून, शेणाच्या रबडीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे ७०० ते १,००० भाग झाले की माणूस काही श्वासांत कोसळतो. टक्केवारीत हे प्रमाण फार तर ०.१ होतं. एवढ्याने ज्योत हलतही नाही. विहिरीतल्या ओट्यावर डिझेल इंजिन चालवलं तर त्याचा कार्बन मोनॉक्साइड आतच कोंडतो, तोही कंदिलाला दिसत नाही. गोबरगॅसच्या खड्ड्यात किंवा सेप्टिक टाकीत मिथेन असतो. हवेत तो ५ ते १५ टक्के असताना उघडी ज्योत सोडली तर स्फोट होतो.

वासाचं सांगणं तर उलटंच आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे खरं. पण दहा लाखांत शंभर भागांच्या वर गेला की काही मिनिटांत तो नाकच बधिर करतो. आधी येणारा वास अचानक थांबला, तर वायू गेला असं समजू नका, तो वाढलेला असू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

झाकण तासभर उघडं ठेवल्याने वरची हवा बदलते, तळाची नाही. शिवाय वायू गाळात मुरलेला असतो. सोड्याची बाटली हलवावी तसा तो फावडं घातल्यावर उसळतो. म्हणजे उतरताना हवा बरी असते आणि काम सुरू झाल्यावर बिघडते. विहिरीचं आणखी एक आहे. थंडीत विहिरीतली हवा बाहेरच्यापेक्षा ऊबदार असते, ती आपोआप वर येते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा विहिरीतली थंड, जड हवा तळाशी तशीच बसून राहते. आपण गाळ काढायला उतरतो ते नेमके तेव्हाच. “मार्गशीर्षात उतरलो होतो, काही झालं नाही” हे वैशाखात कामाचं नाही. सुरुंग उडवलेल्या विहिरीत आणखी जपायला हवं. त्या धुरातल्या नायट्रोजन डायऑक्साइडने फुप्फुसांत पाणी भरतं, आणि ते काही तासांनी, माणूस घरी गेल्यावर जाणवतं.

ओला रुमाल धूळ अडवतो. प्राणवायू तयार करत नाही आणि वायूही गाळत नाही.

दोराचं मात्र खरं आहे, आणि ते मी मान्य करतो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६व्या कलमातही होतं: हवा तपासून लेखी दाखला द्या, नाहीतर श्वसनयंत्र लावा, दोराला बांधलेला पट्टा घाला, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. पण नुसता कमरेला बांधलेला दोर ओढला की बेशुद्ध माणूस दुमडतो आणि अरुंद तोंडात अडकतो. खांदे-मांड्यांतून जाणारा पट्टा हवा आणि वर ओढायला यारी किंवा तिपाई.

सेप्टिक टाकीबद्दल तर वादच नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणूस आत उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूला ३० लाख भरपाई द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. नगरपालिकेची सक्शन गाडी बोलवा.

आता सगळ्यात घातक ओळ: श्वास रोखून दुसऱ्याने उतरा. नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या वाकडीला ९ एप्रिल २०२४ रोजी, पाडव्याच्या दिवशी, शेणाच्या रबडीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. एकामागोमाग एक सहा जण उतरले, पाच गेले. वाचला तो कमरेला दोर बांधलेला. अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये लिहून ठेवलंय की अशा जागांतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. बेशुद्ध माणूस उचलायला ताकद लागते, ताकद लावली की श्वास घ्यावाच लागतो. भाऊ आत पडलेला दिसत असताना काठावर थांबणं किती कठीण आहे हे मला कळतं. तरी थांबा. दोर असेल तर वरूनच ओढा, ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडा, १०१ किंवा ११२ ला फोन करून “विहिरीत गॅस आहे” हे स्पष्ट सांगा. ऑक्सिजनचं सिलिंडर मोकळं सोडू नका, आगीचा धोका वाढतो.

मामांच्या विहिरीत आम्ही विजेच्या ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून चार तास हवा दिली. मीटर २०.८ वर आलं, मग पट्टा घालून दोन गडी उतरले. मीटर एकाच्या छातीला होतं. दुपारी लाइट गेली आणि ब्लोअर बंद पडला. वीस मिनिटांच्या आत मीटर ओरडलं, १९.४. दोघांना लगेच वर घेतलं. मामांनी हट्टाने तळाशी टांगून ठेवलेला कंदील तेव्हाही जळत होता.