शनिवारवाड्यापाशी गवार

परवाच्या रविवारी शनिवारवाड्यासमोर, भर उन्हात, सासरच्या माणसांदेखत मला ‘तुम्ही पुण्याचे नाही’ असं सांगण्यात आलं. माझा जन्म पुण्यातला, शाळा पुण्यातली, नोकरी पुण्यातली आणि घरपट्टी तर दरवर्षी पुण्यातलीच. तरीसुद्धा. सांगणारे आजोबा त्या वेळी गवार निवडत होते.

झालं असं की माझा मेहुणा दोन मुलांना घेऊन साताऱ्याहून सुट्टीला आला आणि बायकोनं सांगितलं, “त्यांना जरा पुणं दाखवून आण.” आता, आपल्या गावातलं प्रेक्षणीय स्थळ पाहुण्यांनी बघायचं असतं, आपण फक्त पार्किंग शोधायचं असतं. मी शनिवारवाडा आतून शेवटचा पाहिला तो पाचवीच्या सहलीत, आणि त्यातलं मला आठवतं ते इतकंच की एका मुलाचा डबा तिथे हरवला होता. पण मेहुण्यासमोर हे बोलता येत नाही. सासुरवाडीत मी ‘पुण्याचे दाजी’ म्हणून ओळखला जातो. पदाला साजेसं काहीतरी करणं भाग होतं.

पार्किंगची कटकट नको म्हणून मेट्रोनं महापालिकेच्या स्टेशनला उतरलो आणि नव्या पुलावरून चालत निघालो. “मामा, हा पूल तर जुनाट दिसतोय,” भाचा म्हणाला. मी सांगितलं, १९२३ चा आहे. “मग नवा का म्हणतात?” याला मी “जुना नाही म्हणून” असं उत्तर दिलं. माझी पत घसरायला तिथूनच सुरुवात झाली.

तिकिटं काढून दिल्ली दरवाज्याच्या दिंडीतून वाकून आत गेलो. मेहुणा गरगर फिरून आला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, “दाजी, वाडा कुठंय?”

ह्या प्रश्नाला खरंच उत्तर नाही. तटबंदी आहे, नऊ बुरूज आहेत, वर नगारखाना आहे. वाडा नाही. तो १८२८ च्या आगीत गेला. आता आत जोती आहेत, हिरवळ आहे आणि त्या हिरवळीवर जाऊ नका असं सांगणारी शिट्टी आहे. “साताऱ्यात निदान राजवाडा तरी जागेवर हाय,” मेहुणा म्हणाला. “आणि राजधानी म्हणाल तर ती आमचीच. छत्रपती आमच्याकडं, तुमच्याकडं नुसते पंतप्रधान.”

हे मला लागलं. बाहेर आल्यावर तटाच्या सावलीत मुलांना उभं केलं आणि पुण्याची अब्रू परत मिळवण्यासाठी मी आवाज चढवून सुरू केलं. “तर मुलांनो, ह्या दारातून मस्तानी घोड्यावरून यायची...”

“हा दिल्ली दरवाजा.”

आवाज खालून आला. पायापाशी एक आजोबा बसले होते. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, शेजारी छत्री आणि मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर पावशेरभर गवार. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, दोन तुकडे करून पिशवीत टाकायचे. मान वर केलेली नाही.

“मस्तानी दरवाजा तो तिकडे,” टक. “ह्याचं तोंड दिल्लीकडे, म्हणून दिल्ली दरवाजा.” टक.

मी हसून “हो हो, तेच” म्हटलं. पुण्यात ‘तेच’ म्हणून कुणी सुटलेलं नाही, हे मला कळायला हवं होतं.

“वाड्याला दरवाजे किती?”

“पाच,” मी म्हटलं. हे मला येत होतं, कारण दहा मिनिटांपूर्वी पाटीवर वाचलं होतं.

“नावं?”

“दिल्ली, मस्तानी, गणेश...” पुढे पाटी आठवेना. “खिडकी,” भाच्यानं सांगितलं. “शाब्बास,” आजोबा त्याला म्हणाले, मला नाही. “आणि जांभूळ. त्यालाच नारायण दरवाजाही म्हणतात. पायाभरणी कधीची?”

“१७३०.”

“मी तारीख विचारली. साल कुणीही सांगेल.”

मेहुणा आता खाली बसला होता. त्याच्या तोंडावर, फुकटात तमाशा बघायला मिळालेल्या माणसाचा आनंद होता. आजोबांनीच उत्तर दिलं. “१० जानेवारी १७३०, शनिवार. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२, तोही शनिवार.” टक, टक. दोन शनिवार, दोन शेंगा.

मी शेवटचा हुकमी पत्ता काढला. “आणि बरं का मुलांनो, पौर्णिमेच्या रात्री इथे अजून ‘काका, मला वाचवा’ अशी हाक...”

“पंचाहत्तर वर्षं मी कसब्यात झोपतोय,” आजोबा म्हणाले. “रात्री ऐकू येतो तो डीजे.”

भाचीनं मध्येच विचारलं, की आपण लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं तुटली ती खिडकी बघायला कधी जायचं? हे आश्वासन मी मेट्रोत देऊन बसलो होतो. आजोबांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “१६६३ सालचा लाल महाल कधीच गेला. आत्ताचा नवा बांधलाय. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला ते काम चालू होतं, वरातीला वाळूचा ढीग आडवा आला होता. तुम्ही मूळचे कुठले?”

“पुण्याचाच. जन्म कोथरूडचा.”

“म्हणजे नदीपलीकडे.”

एवढंच. पुढे काही नाही, जणू सगळं निकालात निघालं. मी म्हटलं, कोथरूड म्हणजे पुणंच की! ते म्हणाले, “आता म्हणतात.” मी म्हटलं, अहो, अठ्ठेचाळीस वर्षं राहतोय. ते म्हणाले, “राहायला काय, पेशवेही राहिले. पण ते श्रीवर्धनचे. कोकणातून आलेले. कसबा त्यांच्या आधीपासून आहे.”

बाजीराव जिथे पाहुणा ठरतो, तिथे माझ्यासारख्या वनाजच्या स्टॉपवर वाढलेल्या माणसानं वाद घालायचा तरी किती? तरी खरं सांगतो, चीड आली. हसण्यावारी नेलं, पण आली. आमच्या ऑफिसात जळगावचा एक जण आहे. वीस वर्षं झाली, फ्लॅटचे हप्ते इथेच फेडले, पोरं इथल्या शाळेतून बाहेर पडली. त्याला अजूनही नवीन माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला ‘पण मूळ गाव कुठलं?’ विचारतो. तो मुकाट्यानं सांगतो. मी आजवर त्याच्या शेजारी बसून चहा पीत हसत आलोय. ह्या गावात आत-बाहेरची रेघ नेमकी कुठून जाते ते लिहून लावा एकदा, इतक्या पाट्या लावता त्यात आणखी एक. लक्ष्मी रस्त्याला राहणारा कसब्याच्या लेखी कोण, आणि सदाशिव पेठेच्या लेखी पाषाणचा माणूस कुठल्या जिल्ह्यातला, हे एकदा कळू दे.

“आणि आपण?” आजोबांनी मेहुण्याला विचारलं.

“सातारा.”

आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. आजोबांनी गवार बाजूला ठेवली. वर्तमानपत्र झटकलं. छत्रीचा आधार घेऊन उठले आणि मेहुण्यापुढे हात जोडले. “या. मग हा तुमचाच म्हणायचा. शाहू महाराजांच्या हुकमाशिवाय इथे वीटसुद्धा चढली नसती.” बसायला आपली सावलीतली जागा दिली. मेहुण्याचं साताऱ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो असा बसला की जणू आत्ताच सरदेशमुखीचा हिशेब तपासायला आलाय.

एव्हाना भाचा दिल्ली दरवाज्यावरचे खिळे मोजत होता. हत्तीनं धडका मारू नयेत म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले, बाहेर आलेले. पण एक जोडपं सेल्फीला आडवं आलं आणि त्याची मोजदाद चुकली. “आजोबा, किती आहेत?” “सांगितलं तर पुढच्या वेळी कशाला येशील?” हे उत्तर मला आवडलं, आणि आवडलं याचाही राग आला.

पुढे आजोबांनीच पुणं दाखवलं. कसबा गणपतीला ते आणि मेहुणा खांद्याला खांदा लावून निघाले, मुलं त्यांच्या दोन बाजूंना. निघताना त्यांनी मागे वळून माझ्या हातात गवारीची पिशवी दिली. “धरा जरा. तुम्हाला माहीतच आहे सगळं.”

मी मागे. हातात पाण्याच्या चार बाटल्या, भाच्याची टोपी आणि गवार. फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, म्हणून रस्त्यावरून. रस्त्यावर रिक्षा अंगावर येते, म्हणून पुन्हा स्कूटरमधून. पुढून तुटक तुटक ऐकू येत होतं. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. भाची विचारत होती, “देवाला उपाशी का ठेवलंय?” आजोबा तिला काहीतरी सांगत होते आणि ती खो खो हसत होती. काय सांगितलं ते ट्रकच्या हॉर्नमध्ये गेलं. मला खरंच ऐकायचं होतं.

संध्याकाळी घरी बायकोनं कौतुकानं विचारलं, “काय काय दाखवलं मामांनी?”

“आजोबांनी दाखवलं,” भाचा म्हणाला. “मामांनी भाजी धरली.”

पाहुणे मंगळवारी गेले. बुधवारी ऑफिसातून निघताना मी सरळ वनाजची मेट्रो पकडायची ती सोडून महापालिकेला उतरलो. कुणाला सांगितलं नाही. नवा पूल ओलांडला, दिल्ली दरवाज्यापुढे उभा राहिलो आणि खालच्या ओळीपासून बोट रोखून खिळे मोजायला लागलो. चौदापर्यंत आलो असेन.

“कोथरूड,” तटाच्या पायथ्याकडून आवाज आला. त्या दिवशी पावटा होता. “वरून सुरुवात करा. खालून करणारे सगळे चुकतात.”