अ‍ॅन क्लिफर्ड सोंगटी नव्हती: एका प्रतिक्रियेला उत्तर

अ‍ॅन क्लिफर्ड या सतराव्या शतकातल्या इंग्रज उमरावकन्येवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सतराव्या शतकातल्या इंग्लंडात उमरावांच्या लेकी म्हणजे जमीनजुमल्याच्या पटावरच्या सोंगट्या, आई-मुलीच्या मायेचं कौतुक करून मी त्यावर पांघरूण घालतो, आणि अ‍ॅनला वडिलांची इस्टेट मिळाली तीसुद्धा चुलतभावाला मुलगा नव्हता म्हणून.

शेवटचं खरं आहे. १६४३ साली चुलतभाऊ हेन्री वारला, मागे मुलगा नव्हता, आणि उत्तर इंग्लंडातली स्किप्टन व वेस्टमोरलंडची इस्टेट तिच्याकडे आली. कोर्टात ती जिंकली नाही. पण त्याआधीची ३८ वर्षं तिने हक्क सोडला नाही, हे तुम्ही हिशेबातच धरलेलं नाही.

तिचे वडील, कंबरलंडचे अर्ल (वरच्या दर्जाचे उमराव) जॉर्ज क्लिफर्ड, १६०५ मध्ये गेले. इस्टेट त्यांनी भावाच्या, म्हणजे हेन्रीच्या वडिलांच्या, नावे केली आणि पंधरा वर्षांच्या मुलीला १५ हजार पौंड ठेवले. जुन्या दस्तांप्रमाणे मात्र ही इस्टेट पोटच्या वारसाकडे जायची, मग तो मुलगा असो की मुलगी. हे दस्त शोधवून काढले, त्यांच्या नकला करून घेतल्या आणि दावा उभा केला तो अ‍ॅनच्या आईने, मार्गारेट रसेलने. ज्याला तुम्ही नुसती माया म्हणता, तिच्यात एवढी कागदपत्रं होती.

लग्नानंतर बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जाई, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. पण तिला वारशाने आलेली जमीन तिच्या संमतीशिवाय त्याला कायमची विकता येत नसे. सगळी ओढाताण त्या संमतीसाठीच होती. नवरा, डॉर्सेटचा अर्ल रिचर्ड सॅकव्हिल, हात सैल सोडून खर्च करणारा. त्याला रोकड हवी होती. फेब्रुवारी १६१६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी (इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू) तिला बाजूला घेऊन समजावलं. पुढच्या जानेवारीत खुद्द जेम्स राजाने सगळं आपल्यावर सोपवायला सांगितलं. नवरा लगेच तयार झाला. ती म्हणाली, वेस्टमोरलंड सोडणार नाही. (राजावर पूर्ण भरवसा टाकू नकोस, असं तिला राणीनेच बजावलं होतं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो.) मार्चमध्ये राजाने निवाडा दिला: जमीन काकाला, १७ हजार पौंड नवऱ्याला. तो निवाडाही तिने मानला नाही.

याची किंमत काय होती? मे १६१६ मध्ये नवऱ्याचा निरोप आला, की लेकीला लंडनला पाठवून दे. ही लेक, तिचंही नाव मार्गारेट, तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. अडवलं तर नवरा आणखी चिडेल आणि पोरीचंच नुकसान होईल, असा विचार करून तिने लेकीला पाठवलं. हे तिने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. त्याच महिन्यात तिची आई वेस्टमोरलंडमधल्या ब्रूअमच्या किल्ल्यात वारली. आई गेलेली, लेक दूर, तरी संमती दिली नाही.

आईचा शेवटचा निरोप तिने २ एप्रिल १६१६ रोजी ब्रूअमजवळच्या रस्त्यावर घेतला होता. तिथे १६५६ मध्ये तिने अष्टकोनी स्तंभ उभारला, वर सूर्यघड्याळं आणि घराण्यांची चिन्हं. दरवर्षी त्याच तारखेला ब्रूअमच्या गरिबांना ४ पौंड वाटायची तजवीज केली. पैसे ठेवायला शेजारी दगडी चौथरा आहे. यात माया आहेच. पण ही जागा स्वतःच्या जमिनीची मालकीण झालेल्या बाईने बांधली, आणि आपल्या हक्काची लढाई आईने सुरू केली होती हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसेल असं बांधली.

राहिला तुमचा कुळांचा मुद्दा, की आपली जमीन कसणाऱ्यांशी ती कठोर वागली. तो मला पूर्ण मान्य आहे. १६५० च्या दशकात ती खंडावरून (जमिनीच्या भाड्यावरून) आपल्याच कुळांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. राजापुढे न वाकलेली बाई गरीब शेतकऱ्यांपुढेही वाकली नाही, आणि त्यांच्या बाजूने पाहिलं तर ती एक कठोर जमीनदारीण होती. तिच्यावर हा आरोप जरूर करा. सोंगटी मात्र म्हणू नका.