एक फ्रेमही हलणार नाही म्हणे!

‘संकलन अंतिम झाले, आता एक फ्रेमही हलणार नाही,’ असे लघुपटाच्या दिग्दर्शकाने तिसऱ्यांदा कळवले, तेव्हा भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरजवळच्या आमच्या घरी, शेजारचे धान चुरण्याचे यंत्र थांबल्यावर आणि भारनियमन सुरू होण्यापूर्वी, मी पार्श्वसंगीतातला ढोलकीचा ठोका नायिकेच्या दार लोटण्यावर अचूक बसवला. दोन दिवसांनी नवी फाईल आली आणि तिच्यात दार १८ फ्रेम आधीच लोटले गेले. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे बरोबर पाऊण सेकंदाचा फरक. ठोका पडेपर्यंत बाई घरात पोहोचलेली असते. वर दिग्दर्शक म्हणतो, ‘थोडे सरकवा ना भाऊ!’ संगीत म्हणजे काय धानाचे पोते आहे? पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातल्या पेटीवाल्याला निदान नट समोर दिसतो. मानधन विचारले की मात्र श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांचे आश्वासन मिळते.