‘५०५ हॉर्सपॉवरला सिरॅमिकच लागतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत, कारण तुमच्यासारखंच बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यापायी लोकांचे पैसे अक्षरशः पाण्यात जातात. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: न्यू जर्सीतल्या एका वाचकाने त्याच्या २००८ च्या, ५०५ हॉर्सपॉवरच्या कॉर्व्हेट झेड०६ ला कोणता क्लच टाकू असं विचारलं होतं, गाडी रोज ऑफिसला जाते, इंजिनात काही फेरफार नाहीत, मी म्हणालो फॅक्टरीचाच ऑरगॅनिक (मऊ लायनिंगचा, नेहमीचा) क्लच घे, फ्लायव्हीलसकट (इंजिनाला जोडलेली जड चकती, जिच्यावर क्लचची प्लेट दाबली जाते), आणि स्लेव्ह सिलिंडरही (पेडलचा दाब फ्लुइडमधून क्लचपर्यंत पोचवणारा भाग) बदल. तुमचं म्हणणं हा अर्धवट सल्ला आहे, सरळ सहा पकांचा (अख्ख्या लायनिंगऐवजी सहा कडक तुकडे बसवलेला) सिरॅमिक टाकायला हवा, आणि फ्लायव्हील न् स्लेव्ह म्हणजे उगाच बिल फुगवणं.

पहिलं म्हणजे क्लच हॉर्सपॉवर बघून निवडायचा नसतो, टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघून निवडायचा असतो. या गाडीचं ७ लिटरचं एलएस७ इंजिन साधारण ६३७ न्यूटन मीटर देतं. क्लच किती टॉर्क पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: प्रेशर प्लेटचा (जी क्लचची प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते) दाब, लायनिंगचं (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं) घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. सिंगल प्लेटला दोन बाजू. आता ३० टक्के जास्तीचं धरा, म्हणजे ८३० च्या आसपास, घर्षण ०.३ आणि त्रिज्या १२ सेंटीमीटर धरली तर दाब येतो साधारण साडेअकरा हजार न्यूटन, म्हणजे जवळपास पावणेबाराशे किलो. हे ऑरगॅनिक प्लेटमध्ये व्यवस्थित बसतं, त्यासाठी सिरॅमिकची गरज पडत नाही.

उद्या त्या वाचकाने सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पंप) बसवला तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही मी डबल प्लेटच सुचवीन, कारण चार बाजू झाल्या की तेवढाच टॉर्क निम्म्या दाबात पेलतो आणि पेडल पायाला झेपतं. कॉर्व्हेट बनवणाऱ्या जीएमने स्वतः २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ ला, जिचा टॉर्क ८१९ न्यूटन मीटर आहे, डबल प्लेटच दिली होती. नुसता दाब वाढवत गेलात तर पेडल तर जड होतंच, शिवाय पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) थ्रस्ट बेअरिंगवर, म्हणजे तो दांडा पुढेमागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर जातो, आणि ते बेअरिंग गेलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

सिरॅमिक वाईट आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ड्रॅग स्ट्रिपवर, जिथे क्लच सारखा तापतो, तिथे ऑरगॅनिक जळून गुळगुळीत होतो आणि सिरॅमिक टिकतो, तिथे तोच घ्यावा. पण न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ट्रॅफिकमध्ये दर पन्नास फुटांवर गाडी हलवायची असेल तर माणूस हाफ क्लचवरच असतो, आणि पक टाइप प्लेटला हाफ क्लच जवळजवळ नसतोच, पकडला तर एकदम पकडतो नाहीतर पकडतच नाही, गाडी थरथरते, झटके मारते. आणि तो झटका जातो कुठे? या गाडीत गिअरबॉक्स मागे आहे, इंजिनापासून मागेपर्यंत टॉर्क ट्यूब (आतून ताकद मागे नेणारी नळी) आणि तिच्यात रबरी कपलिंग, पुढे डिफरन्शियल, हाफ शाफ्ट. क्लच थोडा घसरतो तेव्हा तो या सगळ्यांना वाचवत असतो. तो अजिबात घसरूच नये असं केलंत तर त्याच्या पुढचा सगळ्यात कच्चा भाग तुटणार, आणि तो क्लचपेक्षा स्वस्त नसतो.

आता बिलाचं. याच गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत आहे, बाहेरून हात पोचत नाही. क्लचपर्यंत जायला एक्झॉस्ट, मागचा क्रेडल (मागच्या भागांना धरणारा सांगाडा), गिअरबॉक्स, टॉर्क ट्यूब सगळं उतरवायचं. जुना स्लेव्ह तसाच ठेवलात आणि चार महिन्यांनी गळायला लागला तर तीच मजुरी परत द्यायची, मग वाचलं काय? पायलट बेअरिंगचंही (क्रँकच्या टोकातलं छोटं बेअरिंग) तेच, क्रँकचा मागचा सीलही तेव्हाच बघून घ्यावा. जुन्या फ्लायव्हीलवर निळे डाग न् बारीक भेगा असतील तर नवी प्लेट त्याच्यावर कधीच नीट बसत नाही. आणि हलकं फ्लायव्हील स्वस्तात मिळतंय म्हणून रोजच्या गाडीला घेऊ नका, वजन कमी म्हणजे उष्णता शोषायची ताकद कमी, गाडी उचलताना इंजिन बंद पडायला लागतं आणि गिअरबॉक्स खडखडतो. कुठलंही घ्या, बॅलन्स करून घ्या. नंतर नवा क्लच बसावा म्हणून पहिले ८०० किलोमीटर शहरात, सिग्नलला थांबत चालवायची. हायवेचे किलोमीटर यात धरू नका, तिथे क्लच लागतच नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या मित्राच्या सी६ चं (याच पिढीच्या कॉर्व्हेटचं) क्लच पेडल जास्त आरपीएमला खालीच चिकटतं, म्हणून तो सिरॅमिक घेतोय. त्याला थांबवा प्लीज. हे क्लच घसरण्याचं लक्षण नाही. आधी क्लचच्या टाकीचं झाकण उघडून फ्लुइड बघायला सांगा. काळं असेल तर सिरिंजने काढून नवीन डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार) भरायचं, पेडल बऱ्याचदा मारायचं, परत काढायचं, परत भरायचं, स्वच्छ दिसेपर्यंत, कारण आत क्लचची धूळ जाते आणि या गाड्यांचा हा ठरलेला त्रास आहे. क्लच खरंच घसरतो का हे बघायचं असेल तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पूर्ण रेस द्यायची, आरपीएमची सुई वर पळाली आणि गाडी तेवढी पळाली नाही तर क्लच गेलाय. या दोन्ही गोष्टी करून काय दिसलं ते इथेच लिहा, मग पुढचं बोलू.