दुपंखी विमान शिकणं म्हणजे पोरखेळ नव्हता

पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी, म्हणजे एकावर एक असे पंखांचे दोन थर असलेल्या, विमानांविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातोय. त्याचा सारांश असा: लाकूड-कापडाची ती विमानं सायकलइतकी सोपी, कोणीही दोन तासांत शिकायचा, विमानाला गिरकी लागली (वेग संपून ते गरगरत खाली कोसळू लागलं) की मरण ठरलेलं, शिकवणारे नावापुरते, म्हणून 14,000 मृत ब्रिटिश वैमानिकांपैकी 8,000 शिकतानाच गेले. आणि शेवटी, आपल्याकडचं कोणी त्यात नव्हतंच.

आधी आकडा. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलांची सगळ्या कारणांनी मेलेली माणसं, अगदी मिस्त्री आणि आजाराने गेलेले धरूनही, दहा हजारांच्या आत भरतात. मग एकट्या वैमानिकांचे 14,000 आले कुठून? शिकताना गेलेली पोरं खूप होती, हे खरंच आहे. त्यांच्यासाठी फुगवलेल्या आकड्याची गरज नाही.

"सोपी" हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. सॉपविथ कॅमल हे ब्रिटिश लढाऊ विमान घ्या. त्याच्या इंजिनाचे सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. त्या फिरत्या वजनामुळे उजवीकडे वळताना नाक खाली जाई, डावीकडे वळताना वर. उतरताना विमान वळवायच्या दांड्यावरचं बटण दाबून इंजिनाची ठिणगी तोडायची आणि सोडायची: भर्र, गप्प, भर्र. वंगण एरंडेलाचं, त्याचे शिंतोडे थेट चष्म्यावर. उड्डाण झाल्या झाल्या इंधनाचं प्रमाण हाताने कमी करावं लागे. ते राहिलं की इंजिन गुदमरून बंद. नवखा घाबरून मैदानाकडे वळे, वेग संपे, गिरकी लागे, आणि खाली उरलेले असत शे-दोनशे फूट. यात सायकलसारखं काय आहे?

गिरकीतून सुटका नव्हती, हेही चूक. ऑगस्ट 1912 मध्ये इंग्लंडमधल्या लार्कहिलजवळ ब्रिटिश वैमानिक विल्फ्रेड पार्क गिरकीत सापडले, त्यांनी सुकाणू गिरकीच्या उलट दिशेला दाबलं आणि ते वाचले. युद्ध संपण्याआधीच हा उपाय मुद्दाम गिरकी घालून शिकवला जात होता. घात करायची ती अपुरी उंची आणि न मिळालेली शिकवणी.

शिकवणाऱ्यांविषयीचा आरोप 1916 पर्यंत बराचसा खरा आहे. जेमतेम वीसेक तास उडालेली मुलं आघाडीवर जात. पण रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने फ्रान्समध्ये हाताखाली येणारी ही कच्ची मुलं पाहिली आणि 1917 मध्ये इंग्लंडमधल्या गॉसपोर्टला शिकवण्याची पद्धतच बदलली. ॲव्रो 504 या विमानात शिक्षक आणि शिकाऊ दोघांपुढेही दांडा, मध्ये बोलण्याची नळी, आणि धोक्याच्या कसरती टाळायच्या नाहीत, शिक्षकासोबत करून बघायच्या. उडवणं ही शिकवता येणारी विद्या आहे, हे या माणसाने दाखवलं. मजकुरात त्याचं नावही नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

राहिला आपल्या माणसांचा प्रश्न. हरदितसिंग मलिक आणि एरॉल सेन कॅमल उडवत होते. इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये तेरा दिवसांत दहा हवाई विजय मिळवले आणि त्याच महिन्यात ते पडले. आणि मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर 23 स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत होते. जून 1918 मध्ये ते गेले. फ्रान्समधल्या हंगार गावच्या दफनभूमीत त्यांची कबर आजही आहे.